मधल्यांना न विचारता



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गणित शिकवायचे. उत्तर बरोबर आलं तरी रीत दाखवल्याशिवाय ते पूर्ण गुण देत नसत, असं त्यांचे विद्यार्थी मला मघाशी सांगत होते. माझा आजचा विषय रीतीचाच आहे. पत्रिकेत तो ‘लिनक्स कर्नलमधली टनेल्स’ असा छापला आहे. ते वाचूनही सभागृह भरलं, याचं आयोजकांइतकंच मलाही आश्चर्य वाटतं आहे. (हशा)

पण हा विषय तुमच्यापासून लांबचा नाही. आपण सगळ्यांनी मोबाइल सायलेंटवर टाकले असतील. त्यामुळे ते गप्प बसलेत असं मात्र नाही. मी बोलत असतानाच कुणाच्या तरी खिशातून एखादं पॅकेट निघतं आहे. टॉवरपासून मोबाइल कंपनीच्या गेटवेपर्यंत ते पॅकेट स्वतःच्या पत्त्यावर जात नाही, दुसऱ्या एका पॅकेटच्या पोटात बसून जातं. प्रत्येक पॅकेटच्या पुढे हेडर असतं. कुठून आलं, कुठे जायचं, आत काय आहे, हे त्यावर लिहिलेलं असतं. मधली यंत्रं फक्त हेडर वाचतात. आपलं अख्खं पॅकेट, हेडरसकट, मजकूर समजायचं आणि त्याच्यापुढे नवं हेडर लावायचं, याला एन्कॅप्सुलेशन म्हणतात. आणि जिथे हे हेडर लावलं तिथपासून जिथे ते काढलं तिथपर्यंतची वाट म्हणजे टनेल.

मला जे म्हणायचं आहे ते आधीच सांगून टाकते. टनेल हा मधल्यांना न विचारता काढलेला रस्ता आहे. मधल्या राउटरला आपला नवा प्रोटोकॉल कळत नाही? नको कळू दे. मधल्या कंपनीला आपले आतले पत्ते ठाऊक नाहीत? नको असू देत. ही फार मोठी मोकळीक आहे. पण मधल्यांना विचारलं नाही की जी कामं ते आजवर न सांगता करत होते तीही आपल्याच दोन टोकांवर येऊन पडतात. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, त्यातली काही करतं. बाकीची टनेल कॉन्फिगर करणाऱ्याच्या माथी असतात, आणि पुष्कळदा त्याला त्याचा पत्ताच नसतो. आज त्या उरलेल्या कामांविषयी बोलायचं आहे.

टनेलची ही युक्ती आली कुठून? मार्च १९९२ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोला आयईटीएफची, म्हणजे इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या मंडळींची, बैठक भरली होती. तिथला आवाज इंटरनेटवरून एकाच वेळी अनेक ठिकाणी पोचवायचा होता. त्यासाठीचं मल्टिकास्ट तंत्र तयार होतं, पण मधल्या राउटरांना ते येत नव्हतं. मग काय करायचं? राउटर बनवणाऱ्या प्रत्येकाचे उंबरठे झिजवत बसायचं? त्यांनी मल्टिकास्ट कळणारी बेटं तेवढी हेरली आणि एकमेकांना टनेलने जोडली. आधी वाटेवरच्या पत्त्यांची यादी पॅकेटला चिकटवून पाहिली होती. राउटरांना ती झेपेना, तेव्हा सरळ पॅकेटात पॅकेट घालायला सुरुवात झाली. या जाळ्याला एमबोन नाव पडलं. आयपीच्या सहाव्या आवृत्तीची पहिली पावलंही अशीच पडली. १९९६ मध्ये सुरू झालेलं सिक्सबोन हे प्रयोगाचं जाळं चौथ्या आवृत्तीच्या पोटातून वाढलं, आणि काम झाल्यावर ६ जून २००६ ला रीतसर बंद करण्यात आलं. इंटरनेटवर नवं काही आलं की ते आधी टनेलमधून येतं, हे मी गमतीने म्हणत नाही.

दरम्यान १९९४ च्या ऑक्टोबरात जीआरई या टनेलच्या पद्धतीचा मसुदा छापून आला, आणि आयपीच्या पोटात आयपी कसं घालायचं याचा १९९६ मध्ये. लिनक्सने हे दोन्ही आपलेसे केले.

आता कर्नलच्या आत जाऊ. इथे थोडं थांबणार आहे, कारण हे कौशल्य जवळून पाहण्याजोगं आहे.

लिनक्समध्ये प्रत्येक पॅकेटमागे एसकेबफ नावाची एक नोंद असते. पॅकेट मेमरीत ठेवताना कर्नल त्याच्यापुढे थोडी जागा मोकळी सोडतं, तिला हेडरूम म्हणतात. पॅकेट टनेलच्या डिव्हाइसकडे आलं की कर्नल ते जागचं हलवत नाही. ‘पॅकेट इथून सुरू होतं’ असं दाखवणारा पॉइंटर तेवढा मागे सरकवतं आणि मोकळ्या झालेल्या जागेत नवं हेडर लिहितं. जीआरईचं साधं हेडर ४ बाइटचं, त्याच्यापुढे आयपीचं २० बाइटचं. मजकूर होता तिथेच आहे, आणि २४ बाइट लिहून नवं पॅकेट तयार! पलीकडच्या टोकाला याच्या उलट घडतं. पॉइंटर २४ बाइट पुढे सरकतो आणि बाहेरचं पॅकेट नाहीसं होतं. जागा अपुरी पडली तर मात्र सगळं पॅकेट उचलून मोठ्या जागेत न्यावं लागतं, आणि ते महागात पडतं. म्हणून टनेलचं डिव्हाइस आधीच बजावून ठेवतं, की मला पुढे एवढी हेडरूम लागेल. सेकंदाला लाखो पॅकेट्स येणार असतील तर हा शहाणपणा आधी लागतो, नंतर नाही.

कॉन्फिगर करणारा हे काही पाहत नाही. कर्नल बांधताना त्याच्यापुढे प्रत्येक टनेलबद्दल एक प्रश्न येतो: हे कर्नलमध्येच घालू, मॉड्यूल म्हणून वेगळं ठेवू, की नकोच? वाय, एम, की एन? बहुतेक ठिकाणी उत्तर एम असतं, आणि लागेल तेव्हा मॉड्यूल चढवतात. त्यानंतरच्या आज्ञा मी वाचूनच दाखवते. ‘आयपी लिंक अ‍ॅड’, मग टनेलचं नाव, ‘टाइप जीआरई’, ‘लोकल’ म्हणून आपला बाहेरचा पत्ता, ‘रिमोट’ म्हणून पलीकडचा, आणि ‘टीटीएल ६४’. मग डिव्हाइस अप करायचं, त्याला आतला पत्ता द्यायचा, आणि पलीकडच्या जाळ्याचा रूट या डिव्हाइसकडे वळवायचा. चार ओळींचं काम.

या चार ओळी झाल्या की टनेल ‘अप’ दिसायला लागतं. पलीकडे कुणी आहे का? कर्नलने ते विचारलेलंच नाही. पलीकडचं यंत्र बंद असेल, तिथल्या माणसाने पत्ता चुकवला असेल, टनेल बांधायचंच विसरला असेल. आपल्याकडे अपच. बारकाईने पाहिलं तर त्याच ओळीत स्टेटपुढे ‘अननोन’ लिहिलेलं असतं. कर्नलने आपल्यापुरतं खरं सांगितलेलं आहे, वाचायचं आपल्यावर आहे. जीआरईमध्ये हस्तांदोलन नाही, करार नाही, पोच नाही. दोन टोकांनी एकमेकांना न भेटता एकमेकांशी जुळणाऱ्या ओळी लिहायच्या, एवढाच काय तो करार.

फायरवॉलवाल्यांचा एक नेहमीचा घोळ इथेच सांगून टाकते. जीआरईचा क्रमांक ४७. हा आयपीच्या हेडरमधला प्रोटोकॉल क्रमांक आहे, पोर्ट नाही. टीसीपीचा असा क्रमांक ६, यूडीपीचा १७, तसा जीआरईचा ४७. तरी फायरवॉलवर टीसीपीचं ४७ नंबरचं पोर्ट उघडून ‘आमच्याकडून सगळं मोकळं आहे’ असं छातीठोक सांगणारी माणसं भेटतात. त्यांनी जे दार उघडलेलं असतं तिथून जाणारं कुणी नसतं.

आता आकाराकडे येते. व्याख्यानातला माझा सगळ्यात जास्त वेळ इथे जाणार आहे, कारण टनेलच्या तक्रारी मला जेवढ्या आल्या त्यांतल्या बहुतेकांचं पाणी इथेच मुरत होतं.

इथरनेटवर एका वेळी १५०० बाइटचं पॅकेट जातं, ही त्याची एमटीयू. घरातला राउटर, कचेरीतला स्विच, सर्व्हर, सगळे हे १५०० धरून चालतात. आता टनेल आलं आणि पुढे २४ बाइट चढले. मग आतल्या पॅकेटला जागा किती? १४७६. आयपीत आयपी घातलं तर २० जातात, उरतात १४८०. व्हीएक्सलॅन या टनेलमध्ये, ज्याकडे मी पुढे येणार आहे, ५० जातात, १४५० उरतात. वायरगार्ड हे कुलूपबंद टनेल, त्याकडेही पुढे येते, आधीच सावध राहून १४२० धरतं.

आपल्या बोरघाटातून १८६३ पासून रेल्वे जाते. तिथे बोगद्याची उंची ठरलेली, म्हणून वॅगनवर माल किती उंच रचायचा तेही ठरलेलं. आमच्या टनेलची गोष्ट याहून अवघड आहे, कारण इथे कुणी काही खणलेलंच नाही. रस्ता जुनाच, त्याची मर्यादाही जुनीच, आणि वॅगनवर आपण आणखी एक टप चढवलेला. मग माल उतरवायला नको का?

तो कुणी उतरवायचा? मूळ व्यवस्था अशी होती. १९९० च्या नोव्हेंबरात आलेल्या मसुद्यानुसार पाठवणारा पॅकेटवर ‘याचे तुकडे करू नका’ अशी खूण करतो. वाटेतल्या राउटरला ते मोठं वाटलं की तो पॅकेट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला आयसीएमपीचा निरोप धाडतो: माझ्याकडून एवढंच जाईल, लहान करून पाठव. पाठवणारा ऐकतो. मधले लोक करत होते ते काम म्हणजे हेच.

आता एक प्रसंग. एका सहकारी बँकेची शाखा मुख्यालयाशी जीआरईने जोडली होती. तक्रार मोठी मजेदार होती. पासबुक छापून येतं, शिल्लक दिसते, लॉगिन होतं, पण वर्षभराचा खातेउतारा मागितला की पडदा गोठतो. पिंग केलं तर उत्तर येतं. शाखेतले कर्मचारी म्हणत होते नेट स्लो आहे, आणि नेटवाले म्हणत होते सॉफ्टवेअर जड आहे. दोघेही आपापल्या जागी ठाम.

झालं होतं असं. शाखेची लाइन पीपीपीओई या प्रकारच्या जोडणीची होती. त्याला स्वतःचे ८ बाइट लागतात, म्हणजे त्या लाइनवरून १४९२ च जातात. पण लिनक्सच्या दोन्ही यंत्रांना आपापल्या केबलवर १५०० दिसत होते, म्हणून कर्नलने हिशेब करून टनेलला १४७६ दिले. कर्नलचं चुकलं का? नाही. त्याला जेवढं दिसतं तेवढ्यावरून त्याने बरोबर वजाबाकी केली. वाटेत पुढे कुठे अरुंद गल्ली आहे हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं. सेवादात्याच्या राउटरने सांगितलंही होतं. मुख्यालयाकडून येणारं १५०० चं बाहेरचं पॅकेट त्याने टाकून दिलं आणि आयसीएमपीचा निरोप पाठवला. आणि मुख्यालयाच्या फायरवॉलवर ‘सुरक्षिततेसाठी’ आयसीएमपी सरसकट बंद होतं. निरोप दारातच अडला. खातेउताऱ्याचं मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा जात राहिलं आणि पुन्हा पुन्हा गडप होत राहिलं. पासबुकाची ओळ दोन-चारशे बाइटची, ती सुखरूप पोचत होती.

मग आयसीएमपी बंद असताना पिंग कसं चालत होतं? जाणकारांनी मनात हा प्रश्न विचारला असेल. पिंगही आयसीएमपीच आहे, पण ते टनेलच्या आतून जात होतं. फायरवॉलला दिसत होतं फक्त जीआरई. त्यामुळे आतलं आयसीएमपी आनंदाने जात होतं आणि बाहेरचं, ज्याची खरी गरज होती ते, अडत होतं. अशा वेळी साध्या पिंगवर विसंबू नये. तुकडे न करण्याची खूण लावून, आकार वाढवत वाढवत पिंग करावं. जिथे उत्तर थांबतं तिथे तुमची गल्ली. पिंगला १४७२ आकार दिला की हेडरांचे २८ मिळवून बरोबर १५०० होतात, हे ध्यानात ठेवलं की पुढचा हिशेब सोपा होतो.

उपाय दोन ओळींचा होता. टनेलची एमटीयू हाताने १४६८ केली, म्हणजे १४९२ वजा २४. आणि टीसीपीची दोन टोकं बोलणं सुरू करताना ‘माझ्याकडे एवढ्या मापाचा तुकडा चालेल’ असं जे एकमेकांना सांगतात, तो आकडा वाटेतच खाली आणला. त्याला एमएसएस क्लॅम्पिंग म्हणतात. आयपी आणि टीसीपीचे चाळीस वजा करून १४२८. फायरवॉलवर तेवढा निरोप मोकळा करणं हा खरा उपाय होता, पण त्यासाठी समितीची बैठक लागली असती. (हशा)

या क्लॅम्पिंगच्या पर्यायाला कर्नलमध्ये जो मदतीचा मजकूर जोडलेला आहे, तो जरूर वाचा. असे निरोप अडवणाऱ्या सेवादात्यांच्या आणि सर्व्हरांच्या अकलेबद्दल तिथे जे विशेषण वापरलं आहे, ते मी या व्यासपीठावरून उच्चारणार नाही. ते गुन्हेगारी दर्जाचं आहे, एवढंच सांगते. कर्नल लिहिणाऱ्यांची भाषा एरवी कोरडी असते, तिथे मात्र राग उफाळून आला आहे. मला तो रास्त वाटतो.

दुसरं पडलेलं काम चकव्याचं आहे, ते थोडक्यात सांगते. टनेलच्या पलीकडच्या टोकाचा रूट चुकून त्याच टनेलमध्ये वळवला तर काय होईल? पॅकेट टनेलमध्ये शिरेल, बाहेरचं हेडर चढेल, आणि ते बाहेरचं पॅकेट पुन्हा त्याच टनेलच्या तोंडाशी येईल. पुन्हा हेडर, पुन्हा तोंड. लिनक्सचं जीआरई लिहिणाऱ्या अलेक्सी कुझ्नेत्सोव्ह यांनी त्या फाइलीच्या सुरुवातीलाच या संकटावर लांबलचक टिपण लिहून ठेवलं आहे. यंत्राच्या आतल्या चकव्याला कर्नल मोजदाद ठेवून आवर घालतं. मर्यादा ओलांडली की पॅकेट टाकतं आणि नोंदवहीत तक्रार करतं. पण चकवा दोन-तीन यंत्रांमधून फिरत असेल तर? मग टीटीएलचाच, म्हणजे पॅकेटने आणखी किती राउटर ओलांडावेत या आकड्याचाच, आधार. आतल्या पॅकेटची टीटीएल बाहेर उतरवली तर चकवा आपोआप मरतो, पण टीटीएल १ ठेवून बोलणारे ओएसपीएफसारखे रूटिंग प्रोटोकॉल टनेलमधून जाईनासे होतात. ठरावीक टीटीएल दिली तर ते जातात, पण चकव्याचं आयुष्य वाढतं. दोन्ही पर्याय उघडे ठेवून कर्नलने हात वर केलेत. मघाशी मी ‘टीटीएल ६४’ वाचलं ते सहज लिहिण्याजोगं नव्हतं, हे आता लक्षात आलं असेल.

मधल्यांना विचारायचं नाही, हे खरं. पण मधल्यांच्या सवयी सांभाळाव्याच लागतात. मोठ्या डेटा सेंटरमध्ये एका ठिकाणाहून दुसरीकडे जायला अनेक समांतर वाटा असतात. कुठलं पॅकेट कुठल्या वाटेने घालायचं, हे राउटर पत्ते आणि पोर्टं यांवरून ठरवतो. जीआरईला पोर्टच नाही. बाहेरचे दोन पत्ते सदा तेच. मग आत हजार जणांची संभाषणं असली तरी राउटरला ते एकच संभाषण वाटतं आणि तो सगळी गर्दी एकाच वाटेवर सोडतो. बाकीच्या वाटा रिकाम्या. यावर तोड म्हणून २०१४ च्या डिसेंबरात आलेल्या ३.१८ या कर्नलमध्ये टॉम हर्बर्ट यांनी फू ओव्हर यूडीपी आणलं. ‘फू’ म्हणजे अमुकतमुक. कुठलाही प्रोटोकॉल यूडीपीच्या वेशात पाठवायचा. पाठवणाऱ्याने टनेलच्या आज्ञेत ‘एन्कॅप फू’ लिहायचं, सोर्स पोर्ट ‘ऑटो’ ठेवायचं आणि पलीकडचं पोर्ट सांगायचं. घेणाऱ्याने त्याच पोर्टवर ‘इथे येईल ते यूडीपी नाही, आत ४७ आहे’ असं कर्नलला बजावून ठेवायचं. ते ‘ऑटो’ महत्त्वाचं आहे. आतल्या संभाषणावरून एक आकडा काढून तो सोर्स पोर्टात घातला जातो, त्यामुळे प्रत्येक संभाषण राउटरला वेगळं दिसतं आणि वाटा वाटून मिळतात. याची किंमत आणखी ८ बाइट. वजाबाकी पुन्हा करायची.

व्हीएक्सलॅननेही हीच वाट धरली. एकाच तारेवर वेगवेगळी जाळी चालवणाऱ्या व्हीलॅनच्या क्रमांकाला १२ बिट, म्हणजे ४,०९६ जाळी. क्लाउडवाल्यांना ती पुरेनात. व्हीएक्सलॅनने २४ बिट दिले, म्हणजे १ कोटी ६७ लाखांवर. स्टीफन हेमिंगर यांनी लिहिलेला त्याचा ड्रायव्हर डिसेंबर २०१२ मध्ये ३.७ कर्नलमध्ये आला. तेव्हा या प्रोटोकॉलला अधिकृत पोर्ट मिळालेलं नव्हतं, म्हणून लिनक्सने ८४७२ धरलं. नंतर अधिकृत म्हणून ४७८९ ठरलं. मग लिनक्सने बदललं का? नाही. जुन्या आकड्यावर चालणारी जाळी एका अपडेटने बंद पाडायची नाहीत, हा कर्नलचा शिरस्ता आहे. आजही पोर्ट न सांगता व्हीएक्सलॅन बांधलं तर आज्ञा आपल्याला बजावते, की मी कर्नलचा जुना, अ-प्रमाण आकडा वापरते आहे. ही सूचना कुणी वाचत नाही. मग एका टोकाला लिनक्स आणि दुसऱ्या टोकाला कुणा कंपनीचा स्विच असला की एक ८४७२ वर बोलतो, दुसरा ४७८९ वर कान लावून बसतो, आणि दोन्हीकडे सगळं अप.

आता पुन्हा तुमच्या खिशाकडे येते.

पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीनने जाताना तुम्ही गाणं ऐकत असता. टॉवर बदलत जातात, पण फोनचा आयपी पत्ता बदलत नाही. बदलला असता तर प्रत्येक टॉवरला गाणं तुटलं असतं. हे कसं साधतं? जीटीपी म्हणजे जीपीआरएस टनेलिंग प्रोटोकॉलमुळे. जीपीआरएसचे दिवस कधीच गेले, टूजीनंतर थ्रीजी, फोरजी, फाइव्हजी आलं, पण वाहतुकीचं हे टनेल टिकून आहे. फोनचं पॅकेट टॉवरपाशी यूडीपीच्या २१५२ पोर्टावरच्या पॅकेटात घातलं जातं आणि गेटवेपाशी बाहेर काढलं जातं. त्यावर टीईआयडी नावाचा ३२ बिटांचा क्रमांक असतो, तो तुमच्या टनेलचा. टॉवर बदलला की गेटवेच्या बाजूला तुमच्या नोंदीतला टॉवरचा पत्ता बदलतो. फोनचा पत्ता, चालू संभाषणं, गाणं, सगळं तसंच राहतं.

मुलीकडे न्यू जर्सीला गेलेले आजी-आजोबा भारतातलंच सिम रोमिंगवर चालवतात, तेव्हाही सर्वसाधारणपणे हेच घडतं. त्यांच्या फोनचं पॅकेट तिथल्या कंपनीकडून जीटीपीत बसून आधी भारतातल्या गेटवेवर येतं, आणि मग जगात जातं. शेजारच्या दुकानाची वेबसाइट उघडायलाही पॅकेटला दोनदा समुद्र ओलांडावा लागतो. नेट हळू चालतं म्हणून जावई तिथल्या कंपनीला दोष देत असेल, तर त्याला हे सांगा. (हशा)

जीटीपीची वाहतूक कर्नलमध्येच करणारा ड्रायव्हर २०१६ च्या जुलैत ४.७ मध्ये आला. पाब्लो नेइरा, अँड्रियास शुल्ट्झ आणि हॅराल्ड वेल्टे हे त्याचे लेखक. तुमच्या मोबाइल कंपनीच्या गेटवेत हाच ड्रायव्हर आहे असं मी म्हणत नाही, पण खुल्या सॉफ्टवेअरवर मोबाइलचं जाळं उभारणाऱ्याला तो हाताशी आहे. त्याच्या आत काय आहे? दोन वह्या. एका वहीत टीईआयडीवरून ग्राहक सापडतो, दुसरीत ग्राहकाच्या आयपी पत्त्यावरून. फोनकडून पॅकेट आलं की कर्नल पहिली वही उघडतं, ग्राहक शोधतं, आणि एक गोष्ट पडताळतं: आतल्या पॅकेटवर पाठवणारा म्हणून जो पत्ता लिहिला आहे, तो याच ग्राहकाला दिलेला आहे का? नसेल तर पॅकेट तिथेच टाकलं जातं, कारण दुसऱ्याच्या पत्त्यावरून कुणी बोलू नये. इंटरनेटकडून पॅकेट आलं की दुसरी वही उघडायची, पत्त्यावरून टनेल शोधायचं, ८ बाइटचं जीटीपी हेडर, त्याच्यापुढे यूडीपीचे ८ आणि आयपीचे २० चढवायचे, आणि टॉवरकडे सोडायचं.

त्या वह्यांत नोंदी कोण करतं? कर्नल नाही करत. कोणत्या ग्राहकाला कुठला क्रमांक, तो आत्ता कुठल्या टॉवरवर आहे, ही बोलणी पोर्ट २१२३ वर वेगळा प्रोग्रॅम करतो, आणि ठरलेलं तेवढं कर्नलला कळवतो. हा पर्याय निवडताना कर्नलच्या मदतमजकुरातच लिहिलं आहे, की बोलणी करणारं ओपनजीजीएसएनसारखं सॉफ्टवेअर तुम्हाला वेगळं आणावं लागेल. मला ही वाटणी फार आवडते. जे सेकंदाला लाखो वेळा करायचं ते कर्नलकडे, आणि जिथे विचार करायचा, चुका सुधारायच्या, नियम बदलायचे, ते कर्नलबाहेर.

मोबाइलच्या दुनियेने आकाराचा धडाही आपल्याआधी गिरवला. जीटीपीचे ३६ बाइट, त्यावर कुठे कुलूपबंद करण्याचे आणखी, हे सगळं धरून त्यांच्या मानकाने फोनला १३५८ ची एमटीयू सुचवली. १५०० वरून थेट १३५८! टनेल बांधायच्या आधीच माल उतरवून ठेवला. बँकेच्या शाखेत ही दूरदृष्टी असती तर खातेउतारे निघाले असते.

आता कुलुपाचा विषय. वायरगार्ड सोडलं तर आतापर्यंत सांगितलेल्या एकाही टनेलमध्ये कुलूप नाही. जीआरई नाही, व्हीएक्सलॅन नाही, फू नाही, जीटीपी नाही. मधल्याने हेडरच्या पुढचे चार-दोन बाइट वाचायचे कष्ट घेतले तर त्याला आतलं सगळं दिसतं. पॅकेटात पॅकेट आहे म्हणून ते लपलं, अशी समजूत करून घेतलेले लोक मी पाहते. मोठ्या कंपन्यांत पाहते. कुलूप हवं असेल तर ते वेगळं लावावं लागतं.

भारतात टाळेबंदी २५ मार्च २०२० ला लागली. हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत हजारो मुलंमुली घरून काम करू लागली आणि व्हीपीएन हा शब्द घराघरांत पोचला. त्याच आठवड्यात, २९ मार्चला, लिनक्सचं ५.६ कर्नल आलं आणि त्यात जेसन डोनेनफेल्ड यांचं वायरगार्ड होतं. योगायोगच, पण कामाचा. तोवर ओपनव्हीपीएनसारख्या साधनांत पॅकेट कर्नलमधून बाहेर यूजरस्पेसमध्ये यायचं, तिथे कुलूप लागायचं आणि पुन्हा कर्नलमध्ये जायचं. वायरगार्डने हा हेलपाटा वाचवला. त्याचा कोड सुमारे चार हजार ओळींचा आहे, म्हणजे एका माणसाला बसून वाचता येईल एवढा. कॉन्फिगर करायला काय लागतं? आपली गुप्त किल्ली, पलीकडच्याची जाहीर किल्ली, त्याचा पत्ता, आणि त्याच्याकडून आत कुठले आयपी पत्ते चालतील याची यादी. जीटीपीत ग्राहकाचा पत्ता पडताळतात, तसंच इथेही. त्या किल्लीने आलेल्या पॅकेटात यादीबाहेरचा पत्ता निघाला तर ते टाकलं जातं.

एक गोष्ट मात्र नवख्यांना छळते. किल्ली जुळली नाही तर वायरगार्ड उत्तरच देत नाही. नकारही देत नाही. बाहेरून चाचपणाऱ्याला तिथे काही आहे हे कळूच नये, म्हणून हे मुद्दाम केलेलं आहे. पण त्यामुळे पलीकडे यंत्र बंद आहे, फायरवॉल आडवी आली आहे, की किल्लीतलं एक अक्षर चुकलं आहे, हे आपल्या टोकावरून सारखंच दिसतं. तेव्हा ‘डब्ल्यूजी शो’ ही आज्ञा द्यावी आणि ‘लेटेस्ट हँडशेक’ ही ओळ शोधावी. वाहतूक चालू असताना हे हस्तांदोलन साधारण दर दोन मिनिटांनी नव्याने होतं. ओळ आहे पण वाहतूक असूनही वेळ काही मिनिटांहून जुनी आहे, तर आधी झालेलं बोलणं तुटलं आहे, आणि मग वाटेतली यंत्रं तपासायला घ्या. ओळच नसेल, तर सेवादात्याला फोन लावण्याआधी पलीकडच्या माणसाला फोन लावा, आणि दोन्ही बाजूंच्या जाहीर किल्ल्या एकमेकांना वाचून दाखवा. शेवटचं बरोबरचं चिन्हही वाचा, ते कॉपी करताना हमखास राहतं.

आयोजकांनी प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवला आहे. कुणाच्या कचेरीत खातेउतारा अडत असेल, तर आधी लाइन कुठल्या प्रकारची आहे तेवढं सांगा.